मुलगा पाठवतो

दुरुस्त झालेलं वॉशिंग मशीन मेकॅनिकच्या समोर नेहमीच चालतं. तो बटण दाबतो, पाणी भरतं, ड्रम फिरतो, पाणी निघून जातं, आणि घरची मंडळी बाथरूमच्या दारात कौतुकाने उभी राहतात. "आता बघा काका, एकदम मख्खन," असं म्हणत तो पैसे घेतो, चहाला नाही-नाही म्हणत अर्धा कप घेतो आणि लिफ्टमध्ये शिरतो. लिफ्ट तळमजल्यावर पोचेपर्यंत मशीन धीर धरतं. मग एक लांब सुस्कारा सोडून, सहा किलो कपडे साबणाच्या पाण्यात बुडवून, ते थांबतं. दार उघडत नाही. आत शाळेचा युनिफॉर्म असतो आणि दुसऱ्या दिवशी सोमवार असतो.

डोंबिवलीतले एक गृहस्थ घ्या. त्यांचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण ते महाराष्ट्रातल्या प्रत्येक सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. ड्रेन पंप बदलला आणि पीसीबीला 'थोडं काम केलं' म्हणून त्यांनी 3,200 रुपये मोजले होते. मशीन बंद पडल्यावर त्यांनी लगेच फोन लावला.

"अहो, पाणी बाहेर जात नाहीये."

"पाइप दुमडलाय का बघा."

"नाही दुमडलेला."

"मग लोड जरा कमी टाका, काका."

"लोड आत अडकलाय! दार उघडत नाही!"

"असं होय. मुलगा पाठवतो."

दुरुस्तीच्या धंद्यात 'मुलगा' नावाची एक विभूती आहे. तिला वय नाही, चेहरा नाही, बहुधा नावही नाही. मुलगा सकाळी निघालेला असतो, दुपारी कल्याणला अडकलेला असतो, संध्याकाळी त्याच्या गाडीचं पेट्रोल संपलेलं असतं, दुसऱ्या दिवशी त्याची आजी आजारी असते आणि गणपती जवळ आले की तो गावी असतो. गृहस्थ ऑफिसातून अर्धा दिवस रजा घेऊन मुलाची वाट बघतात. मुलगा मात्र ते भाजी आणायला खाली उतरतात तेव्हाच येऊन जातो. "बेल मारली ना काका, कोणी उघडलं नाही." घरात त्या वेळी बायको, आई आणि क्लासच्या तीन मुली असतात.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ही बातमी पसरायला वेळ लागत नाही. मराठी माणसाला कायद्याचं ज्ञान उपजतच असल्यामुळे पहिल्या तासाभरात गृहस्थांना पुरेसा सल्ला मिळतो. सेक्रेटरी म्हणतात, कोर्टात खेचा. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँकवाले म्हणतात, आरटीआय टाका. कुणाकडे टाकायचा ते सांगत नाहीत. एक ताई हात जोडल्याचं चित्र टाकतात. आणि एक तरुण ठामपणे लिहितो, "सरळ चारशेवीस लावा."

इथे एक अडचण आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि फसवणुकीचा गुन्हा कलम 318 मध्ये गेला. शिवी मात्र अजून चारशेवीसच आहे, तिच्यात दुरुस्ती करायला कुणाला सवड झालेली नाही. आकडा बदलला तरी पोलीस ठाण्यातलं उत्तर बदलत नाही. ठाणे अंमलदार सगळी हकीकत शांतपणे ऐकतात, मध्ये दोन फोन घेतात आणि म्हणतात, "काका, हे दिवाणी आहे." त्यांचं चुकत नाही. फसवणुकीचा गुन्हा ठरायला समोरच्याच्या मनात पहिल्यापासूनच लबाडी होती हे दाखवावं लागतं. हा माणूस तर आला, मशीन उघडलं, काहीतरी काढलं, काहीतरी घातलं, घाम गाळला. त्याला काम येत नाही हा गुन्हा नव्हे. तो गुन्हा मानला तर अर्ध्या तालुक्याला जामीन घ्यावा लागेल.

खरं औषध दुसऱ्या कायद्यात आहे, आणि त्यात महाराष्ट्राने बऱ्यापैकी लवकर हात घातला होता. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी 1974 साली ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली आणि त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी, 1986 मध्ये, दिल्लीला ग्राहक संरक्षण कायदा करायला सुचलं. तो जाऊन आता 2019 चा नवा कायदा आला आहे, 20 जुलै 2020 पासून लागू. जिल्हा मंचाचा जिल्हा आयोग झाला, पण लोक अजून 'ग्राहक मंचात जाईन' अशीच धमकी देतात. मेकॅनिकलाही मंच ऐकूनच भीती वाटते. आयोग म्हटलं की त्याला वेतन आयोग आठवतो आणि तो खूश होतो.

या कायद्यानुसार पैसे देऊन घेतलेली दुरुस्ती ही सेवा आहे, आणि ती जशी व्हायला हवी तशी झाली नाही तर ती 'सेवेतील त्रुटी'. झालं. एवढं सोपं. मशीन पुन्हा नीट करून देणं, पैसे परत करणं, झालेल्या नुकसानीची भरपाई, तक्रारीचा खर्च, असं सगळं आयोग देऊ शकतो. फक्त पैसे दिलेले असावे लागतात, निदान द्यायचं कबूल केलेलं असावं लागतं. फुकट केलेल्या कामाला हा कायदा लागत नाही. त्यामुळे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या भाच्याने "मामा, मी बघतो ना, यूट्यूबवर सगळं आहे" म्हणत मिक्सर उघडला असेल आणि त्यानंतर मिक्सरमधून निळा धूर येत असेल, तर तो विषय पुढच्या भाऊबीजेपर्यंत कुटुंबातच ठेवावा लागतो.

पैसे दिले हे सिद्ध करायचं कशाने? बिलाने. आणि इथे आपले गृहस्थ गप्प होतात.

त्या दिवशी काय झालं होतं ते असं. मेकॅनिकने स्क्रू ड्रायव्हर पिशवीत टाकता टाकता विचारलं होतं, "पक्कं बिल हवंय का काका? मग अठरा टक्के जीएसटी लागेल." गृहस्थांनी मनातल्या मनात हिशेब केला. 576 रुपये. तेवढ्यात घरातून आवाज आला, "अहो, काय करायचंय बिल? इन्कम टॅक्समध्ये थोडंच दाखवायचंय?" एरवी ज्या गोष्टींवर त्या दोघांचं एकमत होत नाही त्यांची यादी मोठी आहे, पण त्या क्षणी झालं. मेकॅनिकने खिशातून कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचा तुकडा काढून त्याच्या मागे '3200 पेड' असं लिहून दिलं आणि खाली सही म्हणून एक वेलांटी काढली.

गंमत अशी, की वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असलेल्या सेवा देणाऱ्याला आपल्याकडे जीएसटीची नोंदणीच लागत नाही, आणि ज्याची नोंदणी नाही त्याला तो कर गोळाही करता येत नाही. म्हणजे पुष्कळदा त्या अठरा टक्क्यांच्या धाकामागे जीएसटी नंबरच नसतो. साधी पावती मात्र प्रत्येकाने द्यायची असते. दिलेल्या सेवेचं बिल किंवा पावती न देणं ही 2019 च्या कायद्यात सरळसरळ 'अनुचित व्यापारी प्रथा' म्हणून नोंदलेली आहे. पण बिल मागणं हे आपल्याकडे अविश्वास दाखवणं समजलं जातं. माणूस घरात येऊन चहा प्यायला, त्याच्याकडे पावती कशी मागायची? त्यापेक्षा तीन महिने त्याच्या नावाने खडे फोडणं सभ्यपणाचं वाटतं.

हल्ली यूपीआयमुळे थोडी अब्रू वाचते. तारीख, वेळ, रक्कम सगळं मोबाइलवर राहतं. मात्र गृहस्थ मोठ्या उत्साहाने तो स्क्रीनशॉट काढतात तेव्हा कळतं, की पैसे मेकॅनिकला गेलेलेच नाहीत. ते 'साई मोबाइल अँड झेरॉक्स'ला गेलेत. "माझं अकाउंट जरा बंद आहे, मेव्हण्याच्या क्यूआरवर करा," असं तो तेव्हा बोलला होता खरा.

आता ज्यांची वस्तू घरी नसून दुकानात अडकली आहे त्यांची कथा. त्यांना जरा जुन्या कायद्याकडे जावं लागतं, 1872 च्या भारतीय करार कायद्याकडे. दुरुस्तीला दिलेली वस्तू दुकानदाराने, शहाणा माणूस स्वतःची वस्तू जपतो तितकी तरी जपावी, असं त्याचं कलम 151 सांगतं. ती वेळेवर परत केली नाही आणि त्यानंतर तिचं काही बिघडलं तर जबाबदारी दुकानदाराची, हे कलम 161. ही दोन्ही कलमं वाचून ग्राहकाची छाती फुगते आणि पुढे कलम 170 येतं. वस्तूवर मेहनत आणि कसब खर्च करून ठरलेलं काम केलं असेल, तर मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवायचा हक्क कारागिराला आहे. त्या कलमाखाली समजावून सांगायला उदाहरणं दिली आहेत. पहिल्यात एकजण जवाहिऱ्याला पैलू पाडायला हिरा देतो. दुसऱ्यात एकजण शिंप्याला कोट शिवायला कापड देतो आणि शिंपी म्हणतो, कोट झाला की लगेच देतो, पैसे तीन महिन्यांनी द्या. मग त्याला कोट अडवता येत नाही. शिंपी दिलेल्या शब्दाचं काय करू शकतो याची कल्पना दीडशे वर्षांपूर्वीच्या कायदेपंडितांना असावी. कोट झाला की लगेच देईन म्हणणारा शिंपी त्यांनी कुठे पाहिला, हे मात्र कलमात नाही.

म्हणून दुकानात जाऊन मिक्सर काखोटीला मारून पळून येणं हा कायदेशीर पर्याय नव्हे, कितीही मोह झाला तरी. काम नीट झालेलं नाही असं लेखी कळवून, 'आक्षेप राखून' पैसे द्यायचे, वस्तू सोडवायची आणि मग भांडायचं. दुकानदार वर म्हणतोच, "नाही झालं काम तरी चेकिंगचे तीनशे द्यावे लागतात." तेवढ्याची तरी पावती मागावी. ती तो देतो, कारण तीनशेचं पुस्तक त्याने छापून घेतलेलं असतं.

शिंप्याचा विषय निघालाच आहे तर धाराशिवची गोष्ट सांगायला हवी. तिथल्या एका बाईंनी ब्लाऊज शिवायला टाकले आणि आगाऊ पैसे दिले. एक मिळाला, दुसरा मिळेना. जगातल्या इतर बायकांनी अशा वेळी जे केलं असतं ते, म्हणजे मैत्रिणींना सांगणं, त्यांनी बहुधा केलंच असेल, पण त्याखेरीज त्या ग्राहक आयोगातही गेल्या. 2024 मध्ये आयोगाने शिवणाऱ्या बाईंना मनस्तापापोटी आणि खर्चापोटी मिळून 15 हजार रुपये द्यायला सांगितले, वर ब्लाऊजही शिवून द्यायला सांगितला. महाराष्ट्रातल्या तमाम शिंप्यांनी ती बातमी कापून कात्रीखाली ठेवायला हवी.

इतकं वाचून आपले गृहस्थ उठतात आणि सर्वात आधी 1915 हा नंबर फिरवतात. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. सकाळी आठ ते रात्री आठ चालते, मराठीसह सतरा भाषांत बोलता येतं. ते निकाल देत नाहीत. तक्रार नोंदवून कंपनीकडे पाठवतात आणि मिटवायला बघतात. मोठी कंपनी असेल, तिचं अधिकृत सर्व्हिस सेंटर असेल, तर हा फोन कधीकधी जादू करतो. मुळात गायब असलेला माणूस अचानक "सर, तुमची गैरसोय झाली" अशा भाषेत बोलायला लागतो. पण स्टेशनजवळच्या गल्लीतल्या दुकानाला तक्रार अधिकारी कुठला असायला? असलाच तर तो मुलगाच असणार.

मग नोटीस. तक्रारीआधी नोटीस दिलीच पाहिजे असं बंधन नाही, पण दिलेली बरी. कित्येक प्रकरणं त्या एका कागदावर मिटतात. अडचण अशी की आपला माणूस नोटीस स्वतः लिहायला बसतो. वकिलाला कशाला पैसे द्यायचे? पहिलं पान मशीन कुठल्या पाडव्याला घेतलं, तेव्हा किती सूट मिळाली आणि सासरेबुवा तेव्हा हयात होते यात जातं. दुसऱ्या पानावर समाजाच्या नैतिक अधोगतीचा आढावा. तिसऱ्या पानाच्या मध्यावर मशीनमधून पाणी जात नसल्याचा उल्लेख येतो. शेवटी 'अन्यथा होणाऱ्या परिणामांस आपण सर्वस्वी जबाबदार राहाल' हे वाक्य, ते लिहिताना दिसणारं समाधान बघण्याजोगं असतं. खरं तर अर्धं पान पुरतं: कोणत्या तारखेला काय काम दिलं, किती पैसे दिले, काय बिघडलं, काय हवंय, किती दिवसांत. नोटीस रजिस्टर्ड एडीने पाठवायची ही पिढीजात समजूत. पोस्टाने 2025 मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन करून टाकलं, त्यामुळे 'रजिस्टर्डने ठोकली नोटीस' या वाक्यातला दरारा गेला, पोचपावती मात्र अजून मागता येते.

नोटीस पोचते. मेकॅनिक ती वाचतो. आणि फोन येतो.

"काय काका, एवढ्या-तेवढ्यावरून नोटीस? मुलगा आजच पाठवत होतो."

इथे निम्मे ग्राहक विरघळतात.

न विरघळलेल्यांसाठी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. आणि या भागात कायदा एवढा उदार आहे की संशय यावा. सेवेसाठी दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीची फी शून्य. 50 लाखांपर्यंत दिलेल्या रकमेची प्रकरणं जिल्हा आयोगच ऐकतो, म्हणजे 3,200 रुपये तिथे आरामात बसतात. वकील लागत नाही, स्वतः उभं राहता येतं. तक्रार राहत्या किंवा कामाच्या जिल्ह्यात करता येते. त्यामुळे पावतीमागे मुंगीच्या अक्षरात 'सर्व वाद अमुक शहरातील न्यायालयाच्या अधीन' असं छापलेलं असलं तरी डोंबिवलीकराला बंगळूरची गाडी पकडावी लागत नाही. 'वाद लवादाकडे जाईल' असं कलम घालून ग्राहकाला आयोगापासून अडवता येत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये, एका बिल्डरच्या प्रकरणात, स्पष्ट केलं आहे. 1 जानेवारी 2025 पासून ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल करता येते. घरबसल्या म्हणजे, आठवीतला मुलगा शाळेतून आल्यावर. तोवर वडिलांनी लग्नपत्रिकेचा तुकडा दोनदा उलटा स्कॅन केलेला असतो.

तक्रारीत भरपाई किती मागायची, यावर घरात स्वतंत्र बैठक होते. 3,200 तर परत हवेतच. मानसिक त्रासाचे? "पाच लाख लिहा," असं आई म्हणते. लाँड्रीचे, रजेचे, रिक्षाचे, युनिफॉर्मचे पैसे जोडले जातात. पूर्वी मागणीचा आकडा फुगवला की तक्रारीची पायरीही वर जायची. आता भरपाई किती मागितली याला नव्हे, सेवेपोटी किती दिले याला महत्त्व आहे. त्यामुळे मनस्तापाला मोकळं रान आहे. आयोग मात्र हिशेबाने चालतो. पाच लाखांचा मनस्ताप झाला असेल तर तो कागदावर दिसावा लागतो, आणि मनस्तापाची पावती कुणी घेतलेली नसते.

पुरावा हा या सगळ्या प्रकरणातला सर्वात चविष्ट भाग. काम बिघडलंय हे दाखवायला दुसऱ्या मेकॅनिकचं मत लागतं. दुसरा मेकॅनिक येतो, मशीनचं मागचं झाकण काढतो आणि गुडघ्यावर बसून, टॉर्च मारून, बराच वेळ आत बघत राहतो. मग मान वर न करता तो त्याच्या धंद्यातला आद्य प्रश्न विचारतो, "आधी कोणी हात लावला होता?" पंपाच्या वायरला काळी टेप गुंडाळलेली आहे, एक स्क्रू मूळचा आहे नि दोन भलत्याच मापाचे, पीसीबीवर डिंकासारखं काहीतरी पिवळं सांडलंय. बदललेला म्हणून सांगितलेला पंप तर कंपनीने बसवलेला मूळचाच आहे, नुसता पुसलेला. हे तो इतक्या तळमळीने सांगतो की गृहस्थांच्या डोळ्यांत पाणी येतं.

"हे सगळं लेटरहेडवर लिहून द्याल?"

"मी कशाला? तो माझ्या गावचा आहे."

म्हणून फोटो. झाकण उघडं असताना फोटो काढावा, दुरुस्तीच्या वेळी जुना पार्ट मागून घ्यावा. पार्ट मागितला की मेकॅनिक दुखावतो, दुखावू द्यावा. तो पिशवीतून एक पंप काढून देतो, भले तो दुसऱ्याच कंपनीचा असो, तोही पुरावाच. गरज पडली तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो, मात्र तपासणीचा खर्च आधी तक्रारदाराने भरायचा असतो. व्हॉट्सॲपवरचं संभाषण सगळं जपून ठेवावं. दोन निळ्या खुणा म्हणजे त्याने वाचलं, एवढं तरी दिसतं. 'मुलगा निघालाय' हा संदेश वेगवेगळ्या तारखांना शब्दशः तसाच आलेला असेल तर युक्तिवादाची निम्मी मेहनत वाचते.

आयोगाच्या कागदांत मेकॅनिकला 'सामनेवाला' म्हणतात. या सामनेवाल्याने नोटीस मिळाल्यापासून 30 दिवसांत उत्तर द्यायचं, फार तर आणखी 15 दिवस. त्यापुढे एक दिवसही नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 2020 मध्ये सांगून टाकलं. पाच न्यायमूर्ती बसूनही घरी मुलगा पाठवायची मुदत मात्र कुणी ठरवू शकलेलं नाही. निकाल शक्यतो तीन महिन्यांत द्यावा, तपासणी लागली तर पाच, असं कायदा म्हणतो. तारखा मात्र तारखांच्या गतीने पडतात. आयोगांत माणसंच नेमली जात नाहीत म्हणून 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली होती, इतकं सांगितलं की पुरे.

चिकाटीची परिसीमा बघायची असेल तर मथुरेला जावं. तिथल्या एका वकिलांकडून 1999 मध्ये रेल्वेच्या खिडकीवर तिकिटाचे 20 रुपये जादा घेतले गेले. ते ग्राहक मंचात गेले आणि 2022 मध्ये जिंकले. बावीसहून अधिक वर्षं, शंभरावर तारखा. वीस रुपये बारा टक्के व्याजाने परत करायचे आणि 15 हजार दंडापोटी द्यायचे असा हुकूम झाला. घरच्यांनी त्यांना अनेकदा सोडून द्या म्हटलं असणार. आपल्याकडेही म्हणतात. फरक इतकाच की ते वकील होते आणि आपले गृहस्थ पाचव्या तारखेला 'आज लोकलचा मेगाब्लॉक आहे' म्हणून घरी बसतात.

बहुतेकांच्या नशिबी निकाल येण्याआधी मध्यस्थी येते. नव्या कायद्यात तिची खास सोय आहे. दोघांची तयारी असेल तर आयोग प्रकरण मध्यस्थाकडे पाठवतो. एका टेबलाच्या दोन बाजूंना गृहस्थ आणि मेकॅनिक समोरासमोर बसतात. इतक्या महिन्यांत ते पहिल्यांदाच एकमेकांना बघत असतात. मेकॅनिक इस्त्रीचा शर्ट घालून आलेला असतो, त्याचे केस विंचरलेले असतात. गृहस्थांच्या हातात पारदर्शक फोल्डर असतो, त्यात रंगीत फोटो, दर पानावर क्रमांक.

"काका, एक फोन करायचा होतात ना," तो कळवळून म्हणतो.

फोल्डर उघडतो. फोन कॉल्सची यादी तीन पानं आहे. मध्यस्थ ती वाचतात, चष्मा काढतात, पुन्हा लावतात. मग तडजोडीचा कागद तयार होतो: सामनेवाल्याने सात दिवसांत तक्रारदाराच्या घरी कुशल तंत्रज्ञ पाठवून मशीन विनामूल्य दुरुस्त करून द्यावं, पुढचे सहा महिने हमी द्यावी आणि पावती द्यावी. थोडक्यात, मुलगा पाठवावा. या वेळी मात्र खाली आयोगाचा शिक्का असतो, आणि आयोगाचा आदेश मोडला तर एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 25 हजार ते 1 लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. हे ऐकल्यावर मुलाच्या आजीची तब्येत ताबडतोब सुधारते.

दिल्लीने 24 डिसेंबर 2022 रोजी, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक दिनीच, 'दुरुस्तीचा हक्क' या नावाचं पोर्टलही सुरू केलं आहे. मोबाइल, घरगुती उपकरणं, गाड्या आणि शेतीची यंत्रं यांच्या कंपन्यांनी सुट्या भागांची, हमीची आणि सर्व्हिस सेंटरची माहिती तिथे द्यावी असा उद्देश आहे. चांगली गोष्ट आहे. "हा पार्ट आता येतच नाही, नवीनच घ्या," असं दुकानात सांगण्यात आलं, की घरी येऊन तिथे एकदा बघायला हरकत नाही.

गृहस्थांचं मशीन सध्या चालतं. बाईंनी ते खरेदी केल्यापासून प्रथमच त्याच्यावर क्रोशाचं कव्हर घातलं आहे. कालपासून फ्रिजमधून टिकटिक असा आवाज येतोय, आणि समोरच्या शेजाऱ्यांनी एका मेकॅनिकचा नंबर दिलाय. माणूस चांगला आहे, स्वस्तात करतो, बिलबिल काही देत नाही म्हणे.

ज्यांचं प्रकरण आत्ता अर्ध्यावर आहे त्यांच्यासाठी एवढंच. कारण घडलं त्या दिवसापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करायची असते. उशीर झाला तर आयोगाला पटेल असं सबळ कारण द्यावं लागतं. ती दोन वर्षं फोनवर वाट बघण्यात गेली तरी गेलीच. 'मुलगा निघालाय' या उत्तराने मुदत वाढत नाही.